पणजीचे रस्ते आणि त्यांखालचे पाणी

पणजीचा नकाशा समोर ठेवला की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे या शहराला पाण्याने जवळजवळ वेढलेले आहे. उत्तरेला मांडवी, पूर्वेला मळा या वस्तीच्या कडेने येणारी औरे खाडी, पश्चिमेला ताळगावच्या बाजूने उतरून कांपालजवळ नदीला मिळणारा सांतिनेजचा नाला, आणि मधोमध आल्तिनोची टेकडी. टेकडी आणि नदी यांच्यामध्ये जो सपाटीचा पट्टा उरतो, त्यावर चर्च चौक, आझाद मैदान, 18 जून मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि मार्केट असे सारे जुने शहर दाटीवाटीने बसलेले आहे. या सपाटीचा बराचसा भाग एके काळी दलदल, खाजन (म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) आणि माडांची बागायत होती. 1827 ते 1835 या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांनी सखल जमिनी भरून घेतल्या, सरळ रेषेतले रस्ते आखले, आणि 1843 साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. म्हणजे आज आपण ज्याला पणजीचा मध्यभाग म्हणतो, तो पाण्याकडून मागून घेतलेला आहे. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटीच्या खोदकामात या मध्यभागातल्या रस्त्यांचे जे झाले, ते समजून घेताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चर्चेत ती फार क्वचित येते.

पणजी ते रायबंदर हा मिठागरांवरून जाणारा रस्ता पाहावा. काउंट ऑफ लिन्यारिश या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात, 1633-34 मध्ये, तो बांधला गेला. सुमारे 3 किलोमीटर लांबीचा हा जांभ्या दगडाचा बांध आज जवळपास चारशे वर्षे वाहतूक वाहतो आहे, आणि आता तर त्यावरून बसही धावतात. पण त्याची खरी हुशारी त्याच्या लांबीत नाही. बांधाच्या पोटात कमानी ठेवल्या आहेत, त्यांतून भरतीचे पाणी एका बाजूने दुसरीकडे जाते आणि ओहोटीला परत येते. पाण्याची ये-जा अडवली तर बांध टिकणार नाही, हे बांधणाऱ्यांना पक्के माहीत होते. खाजनशेती करणाऱ्या गावकऱ्यांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यांच्या बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार, जे भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून आपोआप उघडते. तिला कोणी हाकावे लागत नाही, फक्त तिची निगा राखावी लागते आणि तिच्यासमोर गाळ साचू द्यायचा नाही.

माझे आजोबा वेंगुर्ल्याहून पणजीला आले ते बोटीने. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट कोकण किनाऱ्यावरची बंदरे घेत घेत पणजीला पोहोचायची, आणि आमच्या घरच्या गप्पांमध्ये पणजीची सुरुवात नेहमी धक्क्यापासूनच होत असे. धक्क्यावर उतरल्यावर समोर बंदर कप्तानाची कचेरी, जरा पुढे जुने सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, आणि तिथून आत वळले की पाच-दहा मिनिटांत चर्च चौक. शहराचा दर्शनी भाग नदीकडे होता. सरकारी इमारतींचे सज्जे आणि मोठ्या पेढ्यांचे दर्शनी दरवाजे पाण्याकडे उघडत. 1952 साली उघडलेले मांडवी हॉटेलही नदीकडेच तोंड करून उभे राहिले. माणूस, माल, टपाल, सारे काही पाण्यावरून येत असे, त्यामुळे नदीकाठ ही शहराची ओसरी होती.

मग पूल आले. मांडवीवरचा पहिला पूल 1970 साली झाला आणि 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला. त्या दिवसांची आठवण आमच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे आहे, कारण नदीपलीकडून पणजीत रोज कामाला येणारी सारी माणसे पुन्हा फेरीबोटींवर आली, आणि पलीकडच्या काठावर बेतीच्या धक्क्यावर पुन्हा जुन्या काळासारखी गर्दी झाली. नंतर 1992 मध्ये दुसरा पूल आला, आणि जानेवारी 2019 मध्ये तिसरा, अटल सेतू. या प्रत्येक पुलाने शहराचे दार थोडे थोडे पूर्वेकडे, पाटो या भागाच्या दिशेला सरकवले. कदंब या सरकारी बससेवेचे स्थानक पाटोला, नव्या कचेऱ्या पाटोला, मध्यवर्ती ग्रंथालयही पाटोला. मुंबईची नेहमीची बोट बंद पडली आणि धक्का पर्यटकांच्या सफरींकडे व कॅसिनोंकडे गेला. नदीकाठचा दयानंद बांदोडकर मार्ग मिरामारकडे जाणारी वाहने वाहणारा रस्ता झाला, आणि शहरातला माणूस व नदी यांच्यामध्ये वाहनांची भिंत उभी राहिली. संध्याकाळी मार्केटकडून नदीवर जायचे म्हटले तर हा रस्ता ओलांडणे हीच मोठी कसरत असते, आणि हात धरलेले मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असले तर पुष्कळ जण तो बेतच सोडून देतात.

केंद्र सरकारचे स्मार्ट सिटी अभियान जून 2015 मध्ये सुरू झाले आणि मे 2016 मध्ये पणजीचे नाव यादीत आले. रस्त्यांवर त्याचा खरा परिणाम दिसला तो 2022 नंतर. सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या, पावसाळी गटारे, जमिनीखालून विजेच्या व इतर तारा, वर काँक्रीटचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना पदपथ, असे कामाचे स्वरूप होते. मी हे मोकळेपणाने सांगतो की यांतली बहुतेक कामे गरजेची होती. जुन्या मलवाहिन्या थकल्या होत्या, कित्येक घरांचे सांडपाणी अजूनही नाल्यात जात होते, आणि विजेच्या खांबांवरचे तारांचे जाळे पावसाळ्यात धोक्याचे होते. खोदकाम झाले म्हणून माझी तक्रार नाही. ज्या क्रमाने आणि ज्या घाईने ते झाले, त्याविषयी मला बोलायचे आहे.

एकाच वेळी इतके रस्ते उघडले गेले की शहराच्या मध्यभागी सरळ चालत जाण्याची सोयच उरली नाही. जुन्या भरावाची जमीन खणली की काय होते, हेही लवकरच दिसले, कारण वरून पक्के दिसणारे रस्ते खचले आणि जड ट्रक त्यांत रुतून बसले. लाल जांभ्याची धूळ घरांत, दुकानांत, औषधांच्या बाटल्यांवर आणि माणसांच्या छातीत बसली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले, आणि एप्रिल 2024 मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर येऊन कामांची पाहणी केली. त्याच वर्षाच्या जानेवारीच्या सुरुवातीला खोदलेल्या चरात दुचाकी पडून एका तरुणाचा जीव गेला होता. त्यानंतर कितीतरी दिवस रात्री घरी परतणाऱ्या मुलांची वाट आई-वडील दारात उभे राहून पाहताना मी आमच्या भागात पाहिले आहे.

त्या दिवसांतले एक दृश्य मी रोज सकाळी पाहत असे. आमच्या रस्त्याच्या मधोमध माणूसभर खोल चर होता, आणि एका किराणा दुकानाच्या पायरीपासून रस्त्याच्या उरलेल्या पट्टीपर्यंत दुकानदाराने दोन फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून त्याने गोणपाट खिळ्यांनी ठोकून बसवले होते. पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, पावाची टोपली सायकलवर घेऊन यायचा, चराशी उतरायचा, सायकल कुंपणाला टेकवायचा आणि दोन्ही हातांनी टोपली डोक्यावर घेऊन फळ्यांवरून पलीकडे जायचा. मासळी घेऊन परतणाऱ्या बायका एकमेकींना आधी जाऊ देत. दुकानदाराला कोणी विचारले की रस्ता कधी मोकळा होणार, तर तो कोकणीत म्हणायचा, "फाल्यां उगडटले अशें म्हणटात," म्हणजे उद्या उघडेल असे म्हणतात. त्याच्या आवाजात राग नसे, तो फक्त ऐकलेले सांगत असे. पण त्याचे गिऱ्हाईक कमी होत गेले, हे मला दिसत होते, आणि त्या काळात गेलेला धंदा परत मिळवण्याची काही सोय त्याच्यासारख्यांसाठी नव्हती. रस्त्याचे काम निघाले की ठेकेदाराचे पैसे ठरलेले असतात, अभियंत्याचा पगार ठरलेला असतो, आणि नुकसान तेवढे फळी टाकणाऱ्याच्या वाट्याला येते. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही. तो मांडला जावा, असे मला मनापासून वाटते. निदान ज्या दुकानासमोर खोदकाम चालू असेल, त्याला त्या काळापुरती पालिकेच्या करात सूट देणे अवघड नसावे.

यापेक्षाही खोलवरचा प्रश्न पाण्याचा आहे. पणजीत वर्षाला सुमारे 3,000 मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टेकडीवर पडलेले पाणी उतारावरून सपाटीवर येते आणि सपाटीवरून नदीत किंवा खाडीत जाते, पण तिथे भरती असेल तर ते जाऊ शकत नाही. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक 2 मीटरपर्यंत जातो, आणि शहराच्या गटारांची नदीतली तोंडे त्या पातळीच्या खाली येतात. मळ्यात हे डोळ्यांनी पाहता येते. पाऊस थांबलेला असतो, आभाळ उघडलेले असते, आणि तरीही रस्त्याच्या कडेच्या जाळीतून पाणी हळूहळू वर येऊ लागते. आधी जाळीच्या भोकांत बुडबुडे दिसतात, मग पानांचा कचरा तरंगत वर येतो, मग पाणी रस्त्याच्या कडेने पसरत जाते आणि त्याला खारट वास असतो. ही खाडी आहे, पाऊस नव्हे, हे मळ्यातल्या लहान मुलालाही कळते. अशा वेळी वरून जोराचा पाऊस आला की दोन्ही पाणी एकत्र होऊन उंबऱ्याला लागते, आणि घरातली माणसे खाटेचे पाय विटांवर चढवू लागतात.

आता या जागी काँक्रीटचा रस्ता बांधताना तो जुन्या रस्त्यापेक्षा थोडा जरी उंच झाला, तर काय होते? रस्ता कोरडा राहतो आणि घर ओले होते. जुन्या पणजीतली घरे रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच बांधलेली असत, कारण बांधणाऱ्यांना पाण्याची सवय माहीत होती. दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला, त्यावर आता काँक्रीट आले, आणि कित्येक ठिकाणी त्या पायऱ्यांतली एकच उरली. जुने डांबर खरवडून, पातळी मूळ ठिकाणी आणून मग नवा रस्ता करणे ही साधी शिस्त आहे, पण ती वेळ खाते आणि मुदत जवळ आली की तीच पहिल्यांदा सोडली जाते. जांभ्या दगडाची जुनी बांधीव गटारे नव्या वाहिन्यांना कुठे मिळतात, त्यांचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे जमिनीखाली गेल्यावर कोणालाच दिसत नाही. म्हणून ते झाकण्यापूर्वी लोकांना दाखवले पाहिजे.

सांतिनेजचा नाला तर या साऱ्या हिशेबातून गळूनच गेल्यासारखा झाला आहे. जुनी माणसे सांगतात की त्यातून होडी जात असे आणि ताळगावच्या शेतांना त्याचे पाणी मिळे. आज पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडे इमारतींची पाठ आहे, काठावर भिंती आहेत, आणि पुलावरून जाणारा माणूस नाक दाबून पुढे निघतो. पश्चिमेकडच्या सपाटीचे पावसाचे पाणी हाच नाला नदीपर्यंत नेतो. रस्त्यांखालची गटारे कितीही रुंद केली तरी शेवटी ती याच नाल्यात सुटणार असतील, तर गाळ काढण्याचे आणि त्याचे काठ मोकळे करण्याचे काम रस्त्यांच्या आधी व्हायला हवे होते.

झाडांचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. कांपालच्या रस्त्यावरचे जुने वर्षावृक्ष अजून उभे आहेत आणि दुपारी दोन वाजताही त्यांच्याखालून चालता येते, हे पणजीचे भाग्य आहे. पण पदपथ नवा करताना बुंध्याला लागून काँक्रीट ओतले की मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाहीत, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर झाड वाऱ्याने पडले की आपण वाऱ्याला दोष देतो. बुंध्याभोवती पुरेशी मोकळी माती ठेवायला फार पैसे लागत नाहीत. त्या मातीत पाणी मुरते, आणि तेवढे पाणी गटारात जायचे वाचते.

फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीचा बदल मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे घरांना हात न लावताही वस्ती बदलते आहे. पावसाळा संपला की घरांना रंग द्यायचा, ही पोर्तुगीज काळापासूनची रीत तिथे टिकली, आणि पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींमुळे ती वस्ती जगभर पोहोचली. 31 जानेवारी मार्गावर आता दिवसभर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते. (या रस्त्याचे नाव 1891 साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवादी उठावाच्या दिवसावरून आहे. गोव्यातल्या 18 जून 1946 च्या सत्याग्रहाचे नाव धारण करणारा रस्ता तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, आणि दोन देशांच्या दोन लढ्यांच्या तारखा एका छोट्या शहरात अशा शेजारी नांदतात, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.) एकेक घर पाहुण्यांसाठी खोल्या, कॉफीचे दुकान किंवा कलादालन होत गेले. त्यामुळे पडायला आलेली काही घरे वाचली, हे मान्य केले पाहिजे. पण दाराशी अनोळखी माणसे उभी राहून खिडकीत डोकावतात, रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो, आणि घरच्या माणसाला स्वतःची गाडी स्वतःच्या गल्लीत लावता येत नाही, तेव्हा म्हातारे लोक मुलांकडे पर्वरीला किंवा ताळगावला निघून जातात. वस्ती जपायची तर आधी तिथली रहिवासी कुटुंबे जपली पाहिजेत. मोठ्या वाहनांना गल्लीबाहेर थांबवणे आणि निवासी घरांचा धंद्यासाठी होणारा वापर एका मर्यादेत ठेवणे, या दोन गोष्टी मला भिंतीच्या रंगापेक्षा अधिक तातडीच्या वाटतात.

काही गोष्टी चांगल्या झाल्या आहेत, आणि त्या नोंदवल्या नाहीत तर हे लिहिणे एकांगी होईल. 18 जून मार्गाच्या काही भागात आता पदपथ सलग आहे आणि चाकाची खुर्ची घेऊन एका चौकातून दुसऱ्या चौकात जाणे आधीपेक्षा सोपे झाले आहे. डोक्यावरच्या तारा कमी झाल्यामुळे जुन्या इमारतींचे सज्जे पुन्हा दिसू लागले. विजेवर चालणाऱ्या कदंबच्या बस शहरात फिरतात आणि त्यांचा धूर नाही. पण बस वेळेवर आली नाही तर माणूस पुन्हा दुचाकीकडे वळतो, दुचाकी पदपथावर चढते, आणि एवढ्या खर्चाने केलेला पदपथ वाहनतळ होतो. शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेत सुमारे 40 हजार होती, पण रोज सकाळी आसपासच्या गावांतून त्याहून कितीतरी अधिक माणसे इथे कामाला, शाळेला, दवाखान्यात येतात. त्यांना बसथांब्यापासून पायी सुखाने पोहोचता आले पाहिजे. मार्केटमध्ये माल आणणारा टेम्पो, मोटरसायकल पायलट (म्हणजे भाड्याने दुचाकीवरून माणसे नेणारा) आणि मासळीची पाटी घेतलेली बाई यांना थांबायला जागा आखून दिली, तर भांडणे निम्म्याने कमी होतील, असे मार्केटमध्ये रोज जाणारा माणूस म्हणून मला वाटते.

नदीकाठाचे काय करावे, याविषयी माझे मत ठाम आहे. पणजीच्या काठावरच्या, बेतीला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यापासून कांपालपर्यंत माणसाला न थांबता, वाहन न चुकवता चालता आले पाहिजे, आणि मधल्या धक्क्यांवर कॅसिनोंच्या आणि सफरींच्या खासगी रांगांसाठी घेतलेली जागा आटली पाहिजे. फेरीबोट अजूनही पायी जाणाऱ्याला फुकट पलीकडे नेते. या शहरातला नदीचा तेवढा एक सार्वजनिक वापर धडधाकट उरला आहे, आणि त्याच्या धक्क्यावर सावली, बाके आणि रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा देणे हे कोणत्याही मोठ्या प्रकल्पापेक्षा स्वस्त आहे.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपली. कामे मात्र संपत नसतात. उद्या दुसऱ्या नावाने दुसरे खोदकाम निघेल, आणि निघावेही. त्या वेळी माझी मागणी अगदी मोजकी आहे. ज्या गल्लीत काम होणार असेल तिथल्या रस्त्याची जुनी आणि नवी उंची, सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्याची उंची, गटाराच्या तळाची उंची आणि उधाणाच्या भरतीची पातळी हे आकडे त्या गल्लीच्या तोंडाशी, पहिली कुदळ पडण्याआधी, मराठीत आणि कोकणीत फलकावर लिहून लावावेत, म्हणजे मळ्यातल्या माणसाला ते आपल्या घराशी स्वतः ताडून पाहता येतील, आणि चूक असेल तर काँक्रीट ओतले जाण्यापूर्वीच अभियंत्याला थांबवता येईल.